अनंतमूळ घरी कसं वापरायचं: आधी वास, मग बाकी सगळं

मार्च संपत आला की पुण्यात दुपारी बारानंतर बाहेर पडणं नको होतं आणि मग घराघरात त्याच तक्रारी सुरू होतात, तळपायाची आग होतेय, उन्हाळी लागलीय, पाठीवर घामोळं उठलंय, कुणाला तोंड आलंय तर कुणाचा घोळणा फुटलाय. आमच्या घरी या दिवसांत दोन गोष्टी ठरलेल्या, माठात वाळ्याची जुडी आणि फडताळात अनंतमुळाची बरणी. वाळा, सब्जा, कोकम हे बहुतेकांना माहीत असतं पण अनंतमूळ म्हटलं की लोक म्हणतात नाव ऐकलंय, ते रक्तशुद्धीचं काहीतरी ना. हो तेच. पण ते आणायचं कसं, खरं-खोटं ओळखायचं कसं आणि घरी नेमकं करायचं काय हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून जे आजीकडून आणि नंतर आमच्या वैद्यबाईंकडून शिकले आणि गेली पंधराएक वर्षं करतेय ते सगळं इथे लिहितेय.

आधी झाड कोणतं ते बघू. अनंतमूळ म्हणजेच उपळसरी, काही जण उपरसाल म्हणतात, संस्कृतात सारिवा किंवा अनंता. शास्त्रीय नाव हेमिडेस्मस इंडिकस. बारीक चिवट वेल असते, जमिनीवर पसरते नाहीतर शेजारच्या झुडपावर चढते. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांचा आकार एकाच वेलीवर इतका वेगवेगळा असतो की नवखा माणूस गोंधळतो, काही पानं गवतासारखी अरुंद लांब तर काही चांगली रुंद लंबगोल. ओळखायची खूण म्हणजे गडद हिरव्या पानावर मधल्या शिरेच्या बाजूने पांढरट पट्टा, अरुंद पानांवर तो जास्त उठून दिसतो. पान तोडलं की पांढरा चीक येतो. फुलं अगदी बारकी, बाहेरून हिरवट आतून जांभळट, लक्ष देऊन बघितलं नाही तर दिसतच नाहीत. शेंगा बारीक लांब, जोडीने येतात आणि फुटल्या की रुईसारखी म्हातारी उडते. आपल्या वेताळ टेकडीवर दगडांच्या फटीत, झुडपांच्या बुडाशी ही वेल आहे, रोज फिरायला जाणारे कितीतरी जण तिच्या बाजूने जातात आणि त्यांना पत्ताच नसतो.

पण एक गोष्ट हात जोडून सांगते, टेकडीवरून उपटू नका. सगळा जीव मुळात असतो, मूळ काढलं की वेल संपली. वर वेल बोटाएवढीसुद्धा जाड नसते आणि मूळ मात्र मुरमातून खोल खोल जातं, अनंतमूळ नाव उगाच नाही पडलं. शिवाय टेकड्यांवरची बरीच जमीन वनखात्याची आहे, तिथून असं खणून काही नेणं कायद्यात बसत नाही. एका घराच्या सरबतासाठी दहा वेली जाणार आणि पुढच्या पावसात तिथे काहीच उगवणार नाही, हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय, पायवाटेच्या कडेला चांगली दाट पसरलेली होती, कुणीतरी कुदळीने खणून नेली आणि आता तिथे नुसते खड्डे आहेत. मन फार खट्टू झालं होतं तेव्हा. ओळखायला टेकडीवर जा, फोटो काढा, औषध मात्र दुकानातून आणा किंवा कुंडीत लावा, ते कसं हे खाली सांगतेच.

दुकानातून आणताना. मंडई आणि रविवार पेठेच्या बाजूला काष्ठौषधीची जुनी दुकानं आहेत, तिथे अनंतमूळ मागा किंवा सारिवा म्हणा, कळतं. आता महत्त्वाचं, चूर्ण घेऊ नका. अख्खी मुळंच घ्या. चूर्णात काय आहे ते बघून कळत नाही, आणि दळून ठेवलेल्या मुळाचा वास काही महिन्यांत उडून जातो. मुळं बारीक असतात, पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक, वेडीवाकडी, वरून काळपट तपकिरी, सालीवर आडव्या भेगा आणि आत फिकट पिवळसर लाकडी दोरी. एक तुकडा घ्यायचा, नखाने साल जराशी खरवडायची आणि नाकाशी धरायची. बास. खरं अनंतमूळ असेल तर व्हॅनिलासारखा गोड वास येतो, त्यात थोडं चंदन आणि पहिल्या पावसाच्या मातीची झाक. एकदा हा वास डोक्यात बसला की आयुष्यभर चुकत नाही. वास आला नाही तर सरळ परत ठेवायचं, दुकानदार काहीही सांगो.

कारण या मुळात भेसळ खूप होते, आणि दर वेळी ती मुद्दामच केलेली असते असं नाही. संस्कृतातच सारिवा दोन सांगितल्यात, श्वेत आणि कृष्ण. अनंतमूळ ही श्वेत सारिवा, आणि कृष्ण सारिवा म्हणून क्रिप्टोलेपिस आणि इक्नोकार्पस अशा दोन वेगळ्याच वेली विकल्या जातात, दोन्ही चिकाच्या वेली, दिसायला बहिणी वाटाव्या अशा, पण त्यांच्या मुळाला हा गोड वास नाही. तिसरी गंमत म्हणजे दक्षिणेकडे डेकालेपिस हॅमिल्टनी नावाची वेल आहे, तिच्या मुळाला जवळपास अस्साच वास येतो, उलट जास्तच दणदणीत, पण ती मुळं बोटाएवढी किंवा त्याहून जाड आणि गरगरीत असतात. कर्नाटकात म्हैसूरकडे त्यांचं लोणचं घालतात. ते खायचंच आहे, पण अनंतमूळ नाही. म्हणजे खूण दोन्ही मिळून धरायची, बारीक मूळ आणि गोड वास.

मी स्वतः एकदा फसलेय. आई आजारातून उठली होती, घाईत होते, एका दुकानातून अर्धा किलो सारिवा म्हणून बांधून आणली आणि घरी येऊन पिशवी उघडली तर वासच नाही, नुसती जळणाच्या काटक्यांसारखी. परत घेऊन गेले तर म्हणाले हीच सारिवा, सगळे वैद्य हीच नेतात. पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटलं पण आईला मी औषध म्हणून ते देणार होते हे आठवलं की अजून कसंतरी होतं. तेव्हापासून दुकानातच नाकाशी धरल्याशिवाय पाव किलोही घेत नाही.

घरी आणलं की आधी धुवायचं. मातीची जागा भेगांमध्ये असते त्यामुळे नुसतं पाण्याखाली धरून भागत नाही, जुन्या टूथब्रशने घासायचं, पण भिजत ठेवायचं नाही, वास पाण्यात उतरायला लागतो. पटापट धुवून पंच्यावर पसरायचं आणि सावलीत वाळवायचं, गॅलरीत ऊन येत असेल तर आत पंख्याखाली. कडक उन्हात वाळवू नका, ज्या वासासाठी एवढं सगळं करतोय तोच उन्हात जातो. दोन-तीन दिवसांत मूळ वाकवलं की कट्‌ आवाज करून मोडायला लागलं की झालं.

मग ठेचायचं. खलबत्ता नसेल तर पाट्यावर वरवंट्याने, तेही नसेल तर जाड कापडात गुंडाळून लाटण्याने. इथे एक हातखंडा आहे जो मला आजीने शिकवला, ती वेल्ह्याकडची, तिच्या माहेरी ही वेल बांधाबांधाला होती. मुळाचा बोटभर तुकडा बत्त्याखाली धरायचा आणि जोरात नाही, हलके हलके चार ठिकाणी मारायचं. साल तडकते, आतल्या लाकडापासून सुटते आणि मग एका टोकाला धरून ओढलं की दिव्याच्या वातीसारखी पांढरट दोरी अख्खी बाहेर येते आणि हातात राहते ती काळपट साल, आणि त्या क्षणी स्वयंपाकघरभर वास सुटतो. ती आतली दोरी टाकून द्यायची, वास आणि गुण बहुतेक सालीतच असतो, लाकूड नुसतं वजन वाढवतं. आजी हे करताना कुणाशी बोलायची नाही, टोपल्यात एका बाजूला साली दुसऱ्या बाजूला दोऱ्या, आणि आम्ही मुलं त्या दोऱ्या घेऊन चघळत बसायचो. मुळं अगदी काडीसारखी बारीक असतील तर दोरी काढत बसू नका, तशीच ठेचा.

साल जाडसर भरड करायची, रव्यापेक्षा जाड, चहा पावडरपेक्षाही थोडी जाड. मिक्सरवर फिरवायचीच असेल तर थांबून थांबून, भांडं तापू द्यायचं नाही. पण शक्यतो सगळं एकदम भरडून ठेवू नका, साली तशाच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि आठवड्याला लागेल तेवढं कुटा. प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं तर डब्यालाच वास लागतो आणि मग त्यात दुसरं काही ठेवता येत नाही. बरणी अंधाऱ्या फडताळात, गॅसपासून लांब. पावसाळ्यात एकदा उघडून बघायची, बुरशीचा पांढुरका थर किंवा कुबट वास आला तर सगळं टाकून द्यायचं, वरचं झटकून वापरायचं नाही.

आता वापरायचं कसं. इथे बहुतेक जण चुकतात. मूळ म्हटलं की काढा, आणि काढा म्हटला की अर्धा तास खळखळ उकळायचं असं आपल्या डोक्यात बसलंय. अनंतमुळाला हे चालत नाही. त्याचा वास ज्या तेलाचा आहे त्यात मुख्य घटक आहे 2-हायड्रॉक्सी-4-मेथॉक्सी-बेंझाल्डिहाइड, नाव मोठं आहे पण गोष्ट सोपी, व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनचा हा सख्खा भाऊ, त्याच अणूंची वेगळी मांडणी, म्हणून तर वास तसा येतो. आणि हा वाफेबरोबर उडून जाणारा आहे. म्हणजे उघड्या पातेल्यात काढा उकळताना घरभर जो छान घमघमाट येतो ना, तो तुमच्या कपातून निघून चाललेला असतो. म्हणून सुगंधी द्रव्यांसाठी आपल्याकडे पूर्वीपासून वेगळ्या रीती आहेत, फांट आणि हिम. शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथात या दोन्हीची मापं दिलीत, फांटाला एक भाग औषध आणि चार भाग गरम पाणी, हिमाला एक भाग औषध आणि सहा भाग गार पाणी रात्रभर. आपण घरी एवढं घट्ट करत नाही, पातळच बरं.

फांट म्हणजे साधारण चहाच समजा, पण न उकळता. एक कप पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, त्यात एक मोठा चमचा भरड टाकायची, ती साधारण पाच ग्रॅम होते, आणि लगेच झाकण ठेवायचं. झाकण महत्त्वाचं आहे, बशी ठेवली तरी चालेल पण उघडं ठेवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी झाकण उचलताना त्याच्या आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात ते परत कपातच झटकायचे, वास त्यातच असतो. गाळायचं, लालसर तपकिरी रंग येतो, चव किंचित गोड आणि मागून थोडीशी कडवट. हवी तर खडीसाखर. मध घालायचा तर पूर्ण कोमट झाल्यावर. मी सकाळी एकदा घेते, उन्हाळ्यात आठ-दहा दिवस सलग आणि मग बंद, वर्षभर रोज घेत बसायची ही गोष्ट नाही.

उन्हाळी लागली असेल, हातापायांची आग होत असेल तर मात्र हिम, गरम नाही. रात्री झोपताना मातीच्या छोट्या मडक्यात नाहीतर काचेच्या ग्लासात एक ग्लास पाणी, त्यात दोन चमचे भरड, वर झाकण. सकाळी हाताने जरा चोळून, कुस्करून गाळून घ्यायचं आणि खडीसाखर घालून प्यायचं. आमच्याकडे त्यात चमचाभर धणेही रात्रीच टाकतात, सासूबाईंची पद्धत, आणि ती मला आवडते कारण धण्याने चव एकदम मोकळी होते. हे सकाळी केलेलं सकाळीच संपवायचं, संध्याकाळपर्यंत ठेवलेलं आंबूस लागतं.

आणि काढा करायचाच असेल, म्हणजे वैद्यांनी मंजिष्ठा, गुळवेल, कडुनिंबाची साल वगैरे बरोबर सांगितला असेल, तर बाकीची द्रव्यं आधी उकळून आटवून घ्या आणि गॅस बंद केल्यावर अनंतमूळ टाकून झाकून ठेवा. शास्त्रात काढ्याला सोळापट पाणी घालून एक अष्टमांश उरवायला सांगितलंय, तेवढा वेळ हे बिचारं मूळ टिकत नाही. अर्थात तुमच्या वैद्यांनी सगळं एकत्रच उकळा म्हटलं तर त्यांचं ऐका, त्यांचा हेतू वेगळा असू शकतो.

घसा बसला असेल तर ज्येष्ठमधाची कांडी आणि अनंतमूळ असा फांट छान लागतो, चरकानेही सारिवा कंठ्य म्हणजे गळ्याला हितकर अशा द्रव्यांत घातलीय. चूर्ण घ्यायचं असेल तर घरी वस्त्रगाळ केलेलं, अर्धा चमचा, दूध किंवा पाण्याबरोबर, पण मला विचाराल तर चूर्णापेक्षा फांट बरा, पोटाला हलका आणि किती घेतलं ते कळतं.

आता सरबत, ज्याची मुलं वाट बघतात. तमिळनाडू, केरळ, आंध्र या भागात याला नन्नारी सरबत म्हणतात, टपरीवर लिंबू पिळून सोडा घालून देतात, आणि तिकडे जाऊन आलेली माणसं इकडे येऊन नन्नारीची बाटली शोधत हिंडतात, त्यांना माहीतच नसतं की हेच आपलं अनंतमूळ. बाजारातल्या काही बाटल्यांमध्ये नुसता रंग, इसेन्स आणि साखर असते, लेबल नीट वाचा. घरी करायला अवघड नाही, फक्त एक रात्र लागते.

शंभर ग्रॅम सोललेली साल घ्यायची, भरड करायची. पाऊण लिटर पाणी उकळून गॅस बंद करून त्यात टाकायची आणि स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात घट्ट झाकून रात्रभर ठेवायची. सकाळी पंच्यातून गाळायचं, शेवटी पंचा पिळायचा, आणि तासभर न हलवता ठेवायचं म्हणजे गाळ तळाशी बसतो, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. दुसऱ्या पातेल्यात सव्वा किलो साखर आणि साधारण दीड कप पाणी घालून पाक करायला ठेवायचा, साखर विरघळली की वर येणारी मळी चमच्याने काढून टाकायची, आणि पाक चांगला दोनतारी होऊ द्यायचा, घट्ट झाला म्हणून घाबरू नका, पुढे अर्कच घालायचाय. गॅस बंद. पाच मिनिटं थांबायचं. मग अर्काची बारीक धार धरून हलवत हलवत घालायचं, एका मोठ्या लिंबाचा रस घालायचा, त्याने पाकात परत साखरेचे खडे धरत नाहीत, आणि झाकून पूर्ण गार करायचं. पाकात अर्क ओतल्यावर परत उकळी आणायचा मोह होतो, आणू नका, पहिल्या वर्षी मी आणली होती आणि सरबत गोड झालं पण वास निम्मा राहिला होता.

गार झालं की धुवून पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं, यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही त्यामुळे महिनाभरात संपवायचं. प्यायला देताना ग्लासात दोन-तीन चमचे सरबत, माठातलं पाणी, लिंबाची फोड आणि भिजवलेला सब्जा. मीठ चिमूटभर. बर्फ घातला की वास दबतो, माठाचं पाणीच बरं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे इतकं आवडलं की त्यांनी मापं विचारून घेतली आणि आता दर चैत्रात त्यांच्या घरीही होतं, हळदीकुंकवाला कैरीच्या डाळीबरोबर पन्ह्याऐवजी हे देतात. पण डायबेटिस असलेल्यांनी हे सरबत औषध समजून पिऊ नये, यात मुळापेक्षा साखर कितीतरी जास्त आहे, त्यांनी बिनसाखरेचा हिम घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून.

बाहेरून लावायला सहाणेवर थोडं पाणी घालून मूळ चंदनासारखं उगाळायचं, घामोळं आलं असेल तिथे पातळ लेप, अर्ध्या तासाने सुकायच्या आत धुवायचा. कोरडा पडून तडतडू द्यायचा नाही, त्याने उलट खाज सुटते. जखम असेल, कातडी फुटलेली असेल तिथे लावू नका. पहिल्यांदा लावत असाल तर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. दिवाळीच्या उटण्यातही आम्ही वाळा, नागरमोथा, गव्हला कचरा यांच्याबरोबर घालतो, पण ते मुख्यतः वासासाठी.

परंपरेत याचं स्थान केवढं मोठं आहे ते थोडक्यात सांगते. चरकसंहितेत जे 50 महाकषाय आहेत, म्हणजे एकेका कामाच्या दहा-दहा औषधांचे गट, त्यात सारिवा ताप कमी करणाऱ्या गटात आहे, दाह शमवणाऱ्या गटात आहे, गळ्याच्या गटात आहे आणि अंगावरचं दूध शुद्ध करणाऱ्या गटातही आहे. सुश्रुताने तर सारिवादि गण असा गटच तिच्या नावाने केलाय, त्यात ज्येष्ठमध, चंदन, पद्मक, वाळा अशी सगळी थंड मंडळी आहेत आणि तो तहान, दाह, पित्ताचा ताप आणि रक्तपित्त यांवर सांगितलाय. रक्तपित्त म्हणजे नाकातोंडातून वगैरे रक्त जाणं, म्हणून घोळणा फुटणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात हे द्यायची रीत. पुढे इंग्रज आले, त्यांच्याकडे अमेरिकेतून येणारं सार्सापरिला नावाचं मूळ कातडीच्या रोगांवर आणि गरमीवर, म्हणजे उपदंश या गुप्तरोगावर, वापरायचे, इथे अनंतमूळ बघून त्यांनी त्याला इंडियन सार्सापरिला म्हणायला सुरुवात केली आणि 1864 मध्ये ते ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे त्यांच्या अधिकृत औषधांच्या ग्रंथात, गेलं. दोन्ही झाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसता वापर सारखा.

आता जे सांगणार आहे ते कृपा करून नीट वाचा. वर जे लिहिलं ते परंपरेतलं आहे. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर या मुळाचा बराच अभ्यास झालाय, पण माणसांवरचे मोठे, नीट केलेले अभ्यास फार कमी आहेत. त्यामुळे उन्हाळ्यातल्या बारीकसारीक तक्रारींना, निरोगी माणसाने, थोडे दिवस, एवढ्यापुरतंच घरी वापरा. जुन्या पुस्तकांत हे मूळ सापाविंचवाच्या विषावर सांगितलेलं सापडेल, ते अजिबात करायचं नाही, साप चावला की एक मिनिट न घालवता हॉस्पिटल, तिथे प्रतिविष मिळतं. उपदंशावर म्हणजे गरमीवरही पूर्वी हे द्यायचे कारण तेव्हा दुसरं काही नव्हतं, आज पेनिसिलिन आहे, लाजेपोटी मुळं उकळून पीत बसू नका. पानाचा चीक डोळ्यात घालायचा असंही कुठेकुठे सांगतात, नका घालू.

रक्तशुद्धी या शब्दाने तर फार घोळ केलाय. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मांडीवर गळू झालं होतं, कुणीतरी सांगितलं रक्त खराब झालंय अनंतमूळ घ्या, माझ्याकडूनच घेऊन गेले आणि मीही दिलं, विचारलं नाही कशासाठी. आठ दिवस घेत राहिले, गळू वाढत गेलं, ताप भरला तेव्हा मुलाने दवाखान्यात नेलं तर साखर भरमसाट वाढलेली निघाली, त्यांना डायबेटिस आहे हेच माहीत नव्हतं. बरे झाले, पण ते आठ दिवस वाया गेले ते गेलेच. तेव्हापासून कुणी मूळ मागितलं की मी आधी विचारते कशाला हवंय. सारखी गळवं येत असतील, खाज महिनाभर जात नसेल, तर आधी साखर तपासा. लघवीला आग होतेय आणि बरोबर ताप, थंडी, कंबरदुखी किंवा लघवीतून रक्त आहे तर ती उन्हाळी नाही, डॉक्टरकडे जा. घोळणा वारंवार फुटतोय, थांबत नाहीये तर बीपी बघून घ्या.

गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि बाळाला पाजणाऱ्यांनीही नाही, ग्रंथात स्तन्यशोधन म्हटलंय म्हणून लगेच सुरू करू नका, वैद्यांना दाखवून मगच. किडनीचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. लहान मुलांना सरबत ठीक, औषध म्हणून फांट-हिम द्यायचा तर मात्रा वैद्यच ठरवतील. आणि घेतल्यावर मळमळ, पुरळ, पोट बिघडणं असं काही झालं तर बंद, उगाच ताणायचं नाही.

कुंडीत लावायचं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला नर्सरीतून रोप आणा, वनौषधींची रोपं ठेवणाऱ्या नर्सरीत सांगून ठेवलं तर मिळतं. पान चोळून वास बघू नका, वास पानाला नसतो, मुळालाच असतो, पानावरचा पांढरा पट्टा आणि चीक बघा. कुंडी खोल हवी, निदान दीड फूट, नाहीतर जुना पिंप किंवा सिमेंटची गोणीसुद्धा चालते, खाली भोकं पाडून. माती हलकी, अर्धी लाल माती अर्धी वाळू आणि शेणखत, चिकण काळ्या मातीत मूळ कुजतं. एक काठी लावून द्या चढायला. पाणी बेताचं. वाढ सुरुवातीला इतकी हळू असते की लोक कंटाळून उपटून टाकतात, थांबा, दोन-अडीच वर्षांनी मूळ काढण्याजोगं होतं. तेव्हाही सगळं काढायचं नाही, कुंडीची एक बाजू उकरून तिकडची मुळं घ्यायची आणि माती परत भरायची, वेल जगते. मधेच पानं कुरतडलेली दिसली आणि अंगावर काळ्या शिंगांसारखे धागे असलेली अळी दिसली तर औषध मारू नका, ती कॉमन क्रो नावाच्या तपकिरी फुलपाखराची असते, या वेलीवर ते अंडी घालतं. आमच्या गच्चीवर मागच्या श्रावणात त्याचा कोष लटकलेला होता, चांदीचा मुलामा दिल्यासारखा लखलखीत, माझी मुलगी रोज शाळेतून आली की आधी तिकडे पळायची. पानं परत फुटतात.

आणि सरबत गाळून उरलेला चोथा फेकू नका. त्यात अजून वास असतो. सावलीत खडखडीत वाळवून सुती कापडाच्या छोट्या पुरचुंड्या बांधा, एक साड्यांच्या कपाटात आणि एक माठात, माठातली चार दिवसांनी बदलायची.